गाडीचं दुखणं : डिझेलच्या टेंपरेचर सेन्सरचा कोड पुन्हा पुन्हा येतोय

या वेळी आलेल्या प्रश्नांत एकाच सेन्सरबद्दल बरेच जण विचारतायत, म्हणून अख्खा कॉलम त्याच्यावरच घेतोय. फ्युएल टेंपरेचर सेन्सर, म्हणजे इंजिनकडे जाणारं किंवा टाकीकडे परत येणारं डिझेल किती गरम आहे ते ईसीएमला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) सांगणारा दोन वायरचा छोटासा सेन्सर. त्याच्या सिग्नलमध्ये गडबड वाटली की ईसीएम बिघाडाचा एक नंबर साठवतो, तोच कोड, आणि तो स्कॅनरवर दिसतो. दिसायला किरकोळ, पण याच्या नावाखाली लोकांचे नको तेवढे पैसे जातायत.

प्रश्न (बार्शी) : नमस्कार दादा. माझा कॉमन रेल (एकाच हाय प्रेशर पाइपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारा) डिझेल पिकअप आहे, भाजी घेऊन वाशी मार्केटला जातो. महिन्यापूर्वी चेक लाइट लागली, स्कॅनरवर पी०१८३ कोड आला. गॅरेजवाल्यांनी सेन्सर बदलला, कोड क्लिअर केला, दोन दिवसांनी घाटात परत लाइट. आता ते म्हणतायत ईसीएम गेलाय, तो बदलावा लागेल. गाडी तशी चालते, सकाळी थोडी ओढल्यासारखी वाटते. काय करू?

उत्तर : दादा, आधी एक करा, ईसीएमची ऑर्डर थांबवा. नवीन सेन्सर टाकूनही तोच कोड येतोय म्हणजे बिघाड सेन्सरच्या बाहेर असण्याची शक्यता जास्त, आणि बाहेर म्हणजे पहिल्यांदा वायर, कपलर (वायर सेन्सरला जोडणारा प्लग) आणि त्यातली पिन. ईसीएम सगळ्यात शेवटी.

हे सर्किट कसं चालतं ते नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ईसीएमच्या आत पाच व्होल्ट असतात, ते एका आतल्याच रेझिस्टरमधून सिग्नल वायरवर येतात, सेन्सरमधून जातात आणि दुसऱ्या वायरने ईसीएमच्याच अर्थला परत येतात. सेन्सर गार असला की त्याचा रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. बऱ्याच गाड्यांत सापडणाऱ्या बॉश प्रकारच्या सेन्सरचे आकडे सांगतो : २० डिग्रीला साधारण अडीच हजार ओहम, ४० ला बाराशेच्या आसपास, ६० ला सहाशे, ८० ला तीनशे वीस. म्हणजे डिझेल गार तर सिग्नल वायरवर व्होल्टेज जास्त, गरम तर कमी. ईसीएम फक्त हे व्होल्टेज बघतो, त्याला डिझेल काही दिसत नाही.

आता वायर कुठे तुटली तर काय होईल? करंट वाहणारच नाही, सिग्नलवर पूर्ण पाच व्होल्ट उभे राहतील, ईसीएमला वाटेल डिझेल उणे ४० डिग्रीला आहे. बार्शीत उणे ४०! तेव्हा तो पी०१८३ टाकतो, म्हणजे सिग्नल प्रमाणापेक्षा जास्त. उलट सिग्नल वायर कुठे बॉडीला टेकली तर व्होल्टेज शून्याजवळ जाईल, डिझेल उकळतंय असं वाटेल, आणि कोड येईल पी०१८२. तुमचा ८३ आहे, म्हणजे आपण तुटलेलं किंवा सुटलेलं काहीतरी शोधतोय, टेकलेलं नाही. कोडनेच अर्धं काम केलंय.

पुढची टेस्ट पाच मिनिटांची आहे आणि ती झाल्याशिवाय कुणालाही सेन्सर बदलू देऊ नका. चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढा. मग चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर फ्युएल टेंपरेचरचा लाइव्ह डेटा लावा, आणि जमलं तर डिग्रीपेक्षा व्होल्टेजचं रिडींग लावा, कारण कोड पडल्यावर बरेच ईसीएम स्वतःच्या मनाने एक ठरलेला आकडा दाखवतात आणि माणूस फसतो. कपलर काढलेला आहे तर व्होल्टेज पाचच्या जवळ हवं. आता कपलरमधल्या त्या दोन पिना एका बारीक वायरने एकमेकींना जोडा. व्होल्टेज झटकन शून्याजवळ आलं पाहिजे. आलं, तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, मग दोष सेन्सरमध्ये नाहीतर पिनेच्या पकडीत. नाही आलं, तर वायर तुटलीय. कुठली ते असं बघा : तीच जोडवायर सिग्नल पिनेतून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता रिडींग खाली आलं तर सिग्नल वायर शाबूत आहे आणि अर्थची वायर गेलीय. तरीही नाही आलं तर सिग्नल वायर गेली, आणि ती ईसीएमच्या कपलरपर्यंत मापून बघायची, तिथेही सगळं बरोबर निघालं तरच ईसीएमवर संशय घ्यायचा.

हे करताना एक खबरदारी अगदी मनापासून सांगतो. पिना जोडायच्या आधी त्या खरंच सेन्सरच्याच आहेत ना याची खात्री करा, वायरिंग डायग्राम बघा, मल्टिमीटरने मापा. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर डिझेल फिल्टरवर बसतो आणि तिथेच शेजारी फिल्टरच्या हीटरचा कपलर असतो, त्यात बॅटरीचे १२ व्होल्ट येतात. सेन्सरच्या दोन वायर जोडल्या तर आतल्या रेझिस्टरमुळे जेमतेम काही मिलिअँपिअर करंट जातो, कसलंही नुकसान नाही. हीटरच्या जोडल्या तर फ्यूज उडेल, आणि ते १२ व्होल्ट सेन्सरच्या वायरवर गेले तर चांगला ईसीएम खरोखर जाईल.

तुमच्या बाबतीत कोड लगेच न येता दोन दिवसांनी, घाटात आला. म्हणजे वायर पूर्ण तुटलेली नसावी, हादऱ्याने सुटतेय. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना वरची टेस्ट पास होईल आणि मिस्त्री म्हणेल सगळं ओके आहे. म्हणून कपलर परत लावा, इंजिन आयडलला ठेवा, स्कॅनरवर ग्राफ लावा आणि एकाने हार्नेस (वायरचा जुडगा) सेन्सरपासून ईसीएमपर्यंत वीतभर-वीतभर हलवत जायचं, दुसऱ्याने ग्राफवर डोळा ठेवायचा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब. जिथे हलवल्यावर ग्राफ उणे ४० कडे उडी मारेल तिथेच बिघाड. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते तीही वाचायला सांगा, कोड पडला तेव्हा कूलंट किती गरम होतं, स्पीड किती होता ते त्यात असतं, आणि फुकट मिळणारी माहिती असून कुणी बघत नाही.

आता मला तुम्हाला विचारायचंय की फिल्टर शेवटचा कधी बदलला? सेन्सर फिल्टरवर असेल तर दर फिल्टर बदलताना तो कपलर निघतो, आणि घाईत पोरं लॉक न दाबता वायरला धरून ओढतात. त्यातून दोन गोष्टी होतात, एक तर वायर पिनेच्या मागे आतल्या आत तुटते आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं, नाहीतर पिनेची पकड सैल होते. पकड तपासायला त्याच मापाची सुटी मेल पिन घ्यायची आणि हलकेच आत घालून बाहेर ओढायची, थोडा अडथळा हाताला जाणवलाच पाहिजे. नाही जाणवला तर पिन बदला, नवीन सेन्सर टाकून उपयोग नाही, तो सैल पिनेतच बसणार. आणि तुमच्या गॅरेजात मल्टिमीटरची जाड प्रोब कोणी समोरून पिनेत कोंबली असेल तर पकड त्यानेही गेली असेल, मापायचं ते कपलरच्या मागच्या बाजूने बारीक सुईसारख्या प्रोबने.

वायर सापडली की दुरुस्ती नीट करून घ्या. तांबं काळं पडलेलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, तेवढ्याच जाडीची वायर जोडा, क्रिंप करा किंवा नीट डाग द्या, वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. दोन वायरी पिळून काळी टेप मारायची पद्धत हॉर्नला चालून जाते, इथे नाही चालत, का ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न (चिपळूण) : दादा, आमची डिझेल सात सीटर आहे, बाबा चालवतात. जून लागला की पी०१८१ कोड येतो, ऑक्टोबरनंतर आपोआप जातो. मी स्वतः ॲपवर बघितलं, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी कूलंट २६, हवा २६ आणि फ्युएल मात्र ४० दाखवतं. दुपारी गाडी गरम झाली की सगळं बरोबर वाटतं. शोरूमवाले सेन्सर बदला म्हणतात. सेन्सर पावसाळ्यात आजारी पडतो का?

उत्तर : ताई, तुम्ही जे केलंय तीच या सेन्सरची सगळ्यात चांगली तपासणी आहे, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी कूलंट, इनटेक हवा आणि डिझेल तिन्ही जवळपास एकाच टेंपरेचरला असायला हवी, दोन-चार डिग्री इकडे तिकडे चालेल, १४ डिग्रीचा फरक चालणार नाही. पी०१८१ चा अर्थही हाच, सर्किट तुटलेलं नाही, टेकलेलं नाही, पण सांगतंय ते पटत नाही.

आता तुमचं रिडींग कुठल्या दिशेला चुकतंय ते बघा, सगळी गंमत तिथे आहे. कपलरमध्ये पाणी किंवा ओल गेली की दोन पिनांमध्ये करंटला चोरवाट मिळते. सेन्सरच्या रेझिस्टन्सला समांतर दुसरा रेझिस्टन्स लागल्यासारखं होतं, एकूण रेझिस्टन्स घटतो आणि ईसीएमला डिझेल आहे त्यापेक्षा गरम वाटतं. २६ डिग्रीला सेन्सर स्वतः दोन हजार ओहमच्या जवळ असतो, त्याला तीन हजारांची ओल समांतर लागली तर मिळून बाराशे होतात, आणि बाराशे म्हणजे ४० डिग्री. तुमचाच आकडा. डिझेल ६० डिग्रीला गेलं की सेन्सर सहाशेवर येतो, तेव्हा तीच ओल फक्त चार-पाच डिग्रीचा फरक पाडते, शिवाय इंजिनच्या उष्णतेने ओल वाळतेही. म्हणून दुपारी सगळं बरोबर वाटतं.

बार्शीच्या दादांना टेप मारू नका म्हणालो ते याच्या बरोबर उलटं. गंजलेला जोड हा सेन्सरच्या रांगेत जादा रेझिस्टन्स घालतो, मग डिझेल आहे त्यापेक्षा गार दिसतं, आणि ती चूक सकाळी कमी आणि गरम गाडीत जास्त दिसते. जोडात सहाशे ओहम शिरले तर २० डिग्रीचं डिझेल १५ दिसेल, कोणी लक्षही देणार नाही, पण ६० डिग्रीचं सरळ ४० दिसेल. हे एवढं डोक्यात ठेवलं की कपलर उघडायच्या आधीच कळतं काय शोधायचंय. गार असताना जास्त गरम दाखवतंय तर ओल शोधा, गरम असताना जास्त गार दाखवतंय तर गंज आणि सैल जोड शोधा.

तेव्हा ताई, कपलर काढा, आत हिरवट-पांढरी बुरशी किंवा पाणी आहे का बघा, मागचं रबर सील फाटलंय का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळवा. आत पाण्याऐवजी डिझेल दिसलं तर सेन्सर आतून गळतोय, तेव्हा मात्र तो बदलायचाच, आणि वायरमध्ये डिझेल किती लांब चढलंय तेही तपासायचं, ते तारांमधून वर सरकत जातं. कोकणात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, पावसात उंदीर गरम बॉनेटखाली येऊन बसतात आणि वायरचं आवरण कुरतडतात, दोन उघड्या वायर शेजारी असल्या की ओल तिथेही चोरवाट काढते. कन्ड्युट (वायरवरची प्लास्टिकची नळी) उघडून बघितल्याशिवाय ते दिसत नाही.

प्रश्न (चंद्रपूर) : भाऊ, माझी टूरची डिझेल गाडी आहे. मे महिन्यात दुपारी लांबच्या भाड्यावर गाडी मरगळून रायली, पिकअप देत नाही, एसी लावला की अजूनच. सकाळी एकदम फर्स्ट क्लास. स्कॅनरवर फ्युएल टेंपरेचर ८८ दाखवलं, कोड काहीच नाही. मिस्त्री म्हणते सेन्सर खोटं बोलते.

उत्तर : भाऊ, मला वाटतं सेन्सर खरं बोलतोय. सकाळी गार गाडीत त्याचं रिडींग कूलंट आणि इनटेक हवेच्या रिडींगशी जुळतं का, आणि गाडी चालवताना ते हळूहळू, सलग चढतं का बघा. बिघडलेलं सर्किट उड्या मारतं, खरं गरम होणारं डिझेल जिन्यावरून चढल्यासारखं जातं. दोन्ही ठीक असेल तर सेन्सरला हात लावू नका.

कॉमन रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बार प्रेशरला जातं आणि जे जळत नाही ते प्रेशर सोडून परत टाकीत येतं. एवढं प्रेशर असं सुटलं की डिझेल तिथल्या तिथे पन्नास डिग्रीच्या वर तापू शकतं. टाकी भरलेली असली की ही उष्णता मुरते, पण टाकीत पाच-सात लिटरच असेल तर तेच डिझेल फिरून फिरून तापत राहतं, आणि चंद्रपूरचं ४५ डिग्रीचं ऊन, खालून तापलेला डांबरी रस्ता, गार व्हायला वाव कुठे. तुम्ही टाकी कितपत भरून चालवता ते लिहिलं नाही, टूरवाले बऱ्याचदा थोडं थोडं भरतात म्हणून म्हणतोय. आधी आठवडाभर अर्ध्याच्या वर ठेवून बघा.

तरीही चढलं तर इंजेक्टरची बॅक-लीक टेस्ट करून घ्या. घासलेला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो, म्हणजे जास्त उष्णता टाकीत. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या-बाटल्या लावून इंजिन चालवतात, ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरते तो दोषी. हे काम माहितगाराकडूनच करा, चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपाचं नट कोणीही सैल करायचं नाही, ती बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात कापायची वेळ येऊ शकते. रिटर्नची नळी कुठे दबलीय का, गाडीला फ्युएल कूलर असेल तर तो चिखलाने बुजलाय का, तेही बघा.

आणि पिकअप जातो तो ईसीएम मुद्दाम कमी करतो म्हणून. डिझेल गरम झालं की पातळ होतं. आपल्याकडच्या डिझेलची व्हिस्कॉसिटी ४० डिग्रीला २ ते ४.५ सेंटिस्टोक्स ठरवून दिलेली आहे, ८८ ला ती निम्म्याच्या आसपास येते, आणि हाय प्रेशर पंपाला वंगण याच डिझेलचं असतं. ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की ईसीएम प्रेशर आणि डिझेल कमी करून पंप वाचवतो. मर्यादा कंपनीगणिक वेगळी असते, तुमच्या गाडीची सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

प्रश्न (आयटीआयचा विद्यार्थी, नाशिक) : सर, आमच्याकडे टेस्ट लॅम्प आहे, त्याने हा सेन्सर तपासला तर चालेल का? आणि सेन्सर सुटा काढून तपासायचा असेल तर कसा?

उत्तर : टेस्ट लॅम्प नाही. बल्बवाला लॅम्प जेवढा करंट ओढतो तेवढा या वायरीने कधी पाहिलेलाच नसतो, ईसीएमला इजा होऊ शकते. साधा डिजिटल मल्टिमीटर घे. सुटा सेन्सर तपासायचा तर त्याचं धातूचं टोक गरम पाण्यात बुडव, कपलरची बाजू कोरडी ठेव, शेजारी थर्मामीटर, मीटर ओहमवर. पाणी निवत जाईल तसा रेझिस्टन्स सलग वाढला पाहिजे, दर पाच डिग्रीला आकडा लिहून ठेव आणि ग्राफ काढ. मध्येच आकडा उडाला किंवा अडकला तर सेन्सर खराब. एकाच टेंपरेचरला तपासून पास करू नकोस, २० ला बरोबर आणि ७० ला भलताच असे सेन्सर असतात. कपलर लावलेला असताना ओहम मापायचे नाहीत, ईसीएमच्या आतलं सर्किटही मापलं जातं आणि आकडा खोटा येतो.

अर्थ तपासायला मात्र ओहमवर विसंबू नको. सेन्सर जोडलेला, चावी ऑन, मीटर व्होल्टवर, एक प्रोब मागून सेन्सरच्या अर्थ पिनेला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. पाच व्होल्ट दिसले तर ती अर्थ वायर पुढे कुठेतरी तुटलीय. ही अर्थ बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या सेन्सर्सशी वाटून घेतलेली असते, म्हणून एकदम दोन-तीन सेन्सरचे कोड आले तर एकेक सेन्सर बदलत बसायच्या आधी तो सामायिक जोड शोध.

प्रश्न (शिरोळ) : ट्रॅक्टर ५५ एचपीचा, नवीन कॉमन रेलचा. ऊस ओढताना पी०१८० आला. सेन्सर पंपासोबतच येतो, सुटा मिळत नाही म्हणतात. एक जण म्हणाला कपलरमध्ये अडीच हजार ओहमचा रेझिस्टर टाक, लाइट जाते. टाकू का, दादा?

उत्तर : टाकू नका. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले, बरेचसे कॉमन रेलवर गेले ते त्यामुळे, आणि त्यात ईसीएम दर इंजेक्शनला डिझेलचा हिशोब करतो. डिझेल तापलं की फुगतं, लिटरमागे दर डिग्रीला साधारण ०.७ ग्रॅम वजन कमी भरतं, ४० डिग्री वाढलं की २८ ग्रॅम, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. तो रेझिस्टर ईसीएमला कायम २० डिग्री सांगत राहणार, उन्हात भरल्या ट्रॉलीखाली डिझेल ८० ला गेलं तरी २०. मग वर चंद्रपूरच्या भाऊंना सांगितलं ते पंपाचं संरक्षण कधी लागूच होणार नाही, आणि ज्या पंपाचे पैसे वाचवायला हे केलं तोच पंप घासून जाईल.

त्यापेक्षा पंप मागवायच्या आधी कपलर काढून दोन पिना जोडायची वरची टेस्ट करा. पी०१८० हा मोघम कोड आहे, सर्किटमध्ये काहीतरी बिघाड एवढंच तो सांगतो. आणि ट्रॅक्टरच्या हार्नेसला चिखल, पाचट आणि हादरे सगळंच लागतं. पिना जोडल्यावर व्होल्टेज पाचवरून शून्याला आलं नाही तर पंपाचा काही संबंध नाही, वायर शोधा. आलं, तर सेन्सरच्या दोन टोकांवर ओहम मापा, सकाळी गार असताना दोन-तीन हजारांच्या दरम्यान आणि काम करून आल्यावर हजाराच्या खाली दिसलं तर सेन्सर जिवंत आहे, पिनेची पकड तपासा. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे सेन्सर आतून तुटला असेल, तरच पंपाचा विषय काढा, आणि तेव्हाही आधी पार्ट नंबर घेऊन पंप दुरुस्त करणाऱ्या डिझेल सर्व्हिसवाल्याकडे जा. ट्रॅक्टर डीलरकडे जो सुटा मिळत नाही तो सेन्सर कधी कधी पंप बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सुटा मिळून जातो.